शिक्क्याची तारीख

माझा मुलगा बदरुद्दीन आपल्या सत्तावीस वर्षांच्या पोराला, हाशिरला, माशाचे काटे काढून देतो. ऐकीव नाही, गुरुवारी दुपारी मी समोर बसून पाहिलं. हाशिरच्या ताटातली सफी, इथली काटेरी मासळी, आपल्याकडे ओढायची, बोटांनी सोडवायची, काटा कडेला ठेवायचा आणि गर परत त्याच्या ताटात सरकवायचा. एकदा नाही, तीनदा. तिकडे गावी बाणकोटच्या खाडीवरची आमची पोरं धड बोलायला लागायच्या आधी जिभेने काटा वेगळा करतात. आणि हा गडी, बर्फाच्या मैदानावर गोल राखण्याचा पगार घेणारा, मांडीवर हात ठेवून बापाची वाट बघत बसला होता.

"बदरू, आता भरवसुद्धा," मी म्हटलं. "घास कर, तोंडात घाल, शेवटी तोंड पूस. लंगोट बांधायचा राहिलाय, तो मी बांधते."

"अम्मा, जेवू दे ना त्याला."

"मी कुठे अडवलंय? काट्याने अडवलंय."

हाशिर हसला. "दादी, अब्बांना नोकरी नाही ना, हाताला काहीतरी काम लागतं."

हे बदरूला झोंबायला हवं होतं. इथे सौदीत जुबैलच्या प्लांटमधून त्याला काढून टाकलं. त्या दिवसापासून नोकरीचं नाव कुणी काढलं की तो ताट सोडून उठतो. गुरुवारी उठला नाही. मान खाली घालून चौथी सफी सोडवायला लागला. आणि शरफुन्निसाने, माझ्या सुनेने, माझी वाटी काठोकाठ भरलेली असताना मला विचारलं, "अम्मा, सार वाढू?"

भरल्या वाटीत सार वाढायला निघालेली सून मी ओळखते. मी गप्प बसले. माझं गप्प बसणं या घरात सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून कुणी धड जेवलं नाही.

हाशिरचा पहिला कोच मी. हे मी आपल्या तोंडाने म्हणत नाही. तो स्लोव्हाकियाला खेळायला होता तेव्हा तिथल्या पेपरवाल्याने विचारलं, तुला गोलात उभं राहायला शिकवलं कुणी, तर हा म्हणाला, माझ्या दादीने, लिंबं मारून. ते कात्रण शरफुन्निसाने फ्रिजवर चिकटवलंय. मला त्यातलं एक अक्षर वाचता येत नाही, पण माझं नाव कुठे आहे ते मला माहीत आहे.

नऊ वर्षांचा होता. खोबरच्या एका मॉलमध्ये बर्फाचं मैदान होतं आणि धाहरानच्या तेलकंपनीच्या कॅम्पातली गोऱ्यांची पोरं तिथे हॉकी खेळायची. आमचा कठड्याला नाक लावून बघत बसायचा. गोलात उभं राहायला त्या पोरांतलं कुणी तयार नसायचं, म्हणून एक दिवस याला उभा केला. एक अमेरिकन इंजिनियर देश सोडून चालला होता, त्याने आपल्या मुलाचे पायाचे पॅड देऊन टाकले. पट्टे तुटलेले होते, ते शरफुन्निसाने बदरूच्या जुन्या सेफ्टी बेल्टच्या पट्ट्या कापून शिवले. बर्फाच्या त्या मैदानावर आठवड्याला एक तास मिळायचा. बाकीचे सहा दिवस मी स्वयंपाकघराच्या दारातून लिंबं मारायची आणि तो बोळात उभा राहून झेलायचा. डावीकडून, उजवीकडून, अभ्यास करत असला तरी, जेवत असला तरी, न सांगता. मी लहानपणी कैऱ्या पाडत मोठी झालेली, माझा नेम चुकत नाही. आणि त्याने माझं लिंबू कधी खाली पडू दिलं नाही.

अठराव्या वर्षी बर्फाच्या देशात गेला. दोन हिवाळे बाकावर बसून दुसऱ्या गोलकीपरच्या हातात पाण्याची बाटली दिली. तिसऱ्या हिवाळ्यात तो दुसरा आजारी पडला, हा गोलात उभा राहिला आणि पुन्हा बाकावर गेला नाही. मग कझाकस्तान. गुडघा एकदा उघडून शिवला. मग इथे खोबरला, आपल्याच गावात, नवा क्लब निघाला आणि त्यांनी याला बोलावलं. पोर जन्मलं खोबरच्या इस्पितळात, पण परत आलं ते परदेशी खेळाडू म्हणून. क्लब त्याचा कफील, म्हणजे जामीनदार, झाला, इकामा, म्हणजे राहायचा परवाना, लागला. त्याच सुमाराला बदरूची नोकरी गेली. थोरला नातू शारीक इथेच चष्म्याच्या दुकानात आहे, पण त्याच्या हुद्द्यावर आईबापांचा परवाना निघत नव्हता. हाशिरच्या हुद्द्यावर निघाला. म्हणजे हा खेळतो तोवर बदरू आणि शरफुन्निसा या देशात.

माझं त्याहून कच्चं. मी व्हिजिट व्हिसावरची. दर नव्वद दिवसांनी मला गाडीत घालतात, समुद्रावरच्या पुलावरून बहारीनला नेतात, शिक्का मारून परत आणतात. आमच्यातल्या कितीतरी म्हाताऱ्या इथे अशाच राहतात.

आणि शुक्रवारी जुम्याच्या नमाजानंतर क्लबचा मॅनेजर नबील जेवायला यायचा होता. पुढच्या दोन वर्षांचा करार घेऊन. बदरू आठवडाभर एकच घोकत होता, "सही झाली की खलास. दोन वर्षं बघायला नको."

शुक्रवारी सकाळी मी तांदूळ निवडायला घेतले आणि उझमाला समोर बसवलं. उझमा हाशिरची बायको, हर्णैची पोर, सहावा महिना लागलेला. बोलायला कमी. मला वाटायचं घमेंडी आहे.

"तुझ्या नवऱ्याच्या डोळ्याला काय झालंय?"

"मानेला झालंय, दादी. जानेवारीत प्रॅक्टिसमध्ये लागलं ना."

"मान दुखणाऱ्याला काटा दिसतो, उझमा."

तिने सूप खाली ठेवलं. तिने सांगितलं तसं सांगते, माझं मीठ त्यात घालत नाही.

मागच्या मॅचला ती वरच्या रांगेत बसली होती. हाशिर गोलात उभा राहिला की ती पक, म्हणजे ती रबराची चकती, बघत नाही, त्याचा मास्क बघते. पक कुठे आहे ते मास्कवरून कळतं, तो इतका हळू, इतका बरोबर हलतो. त्या दिवशी मास्क कोंबडीसारखा झटक्याने वळत होता. उजवीकडून आलेलं सगळं त्याने अडवलं. डावीकडून तीन गोल झाले. तिसऱ्या वेळी त्याने हात वर केला तेव्हा पक जाळीत पडून होता आणि समोरचे खेळाडू एकमेकांना मिठ्या मारत होते. शेजारची बाई म्हणाली, डावीकडचा बचाव अगदी भिकार आहे. उझमा म्हणाली, हो. घरी आल्यावर तिने विचारलं. तो म्हणाला, मान आखडलीय. त्या दिवसापासून तो पलंगाची बाजू बदलून झोपतो. आणि अंघोळ करताना काहीतरी पुटपुटतो.

"काय पुटपुटतो?"

"इंग्रजी अक्षरं. ई, मग एफ पी, मग टी ओ झेड. पुढे खूप आहेत. मला वाटलं कसला पासवर्ड असेल."

"बदरूला माहीत आहे?"

"अब्बांना सगळं माहीत असेल, दादी. मला कोण सांगतंय? मी तर या घरात बाळंतपणाचं एक बिल आहे, क्लबच्या विम्यातून भरायचं, तेवढंच." आणि पोटावर हात ठेवून तांदळाकडे बघत राहिली. ती घमेंडी नव्हती. तिला कुणी विचारत नव्हतं, मीसुद्धा.

नबील हुफूफचा, इथलाच अरब. उंच, चांगल्या घरचा, हसरा माणूस. लहानपणी त्याच्या वडिलांच्या दुकानात आपले लोक कामाला होते, म्हणून हिंदी बोलतो, तुटकी पण न लाजता. खजुराचा डबा घेऊन आला. मला हज्जा म्हणतो, मी हजला गेलेली नसले तरी. जमिनीवर दस्तरखान घातलं. माझी जागा नेहमी स्वयंपाकघराच्या दाराशी असते. त्या दिवशी बदरूने माझी उशी पलीकडे, हाशिरच्या उजव्या हाताला, नेऊन ठेवली होती.

"इथे पंखा लागतो, अम्मा."

मी बसले. बिर्याणी झाली, सफी झाली, नबील बोटं चाटत शरफुन्निसाची तारीफ करत होता. कराराची फाइल त्याच्या मांडीखाली होती. आणि बदरूने पुन्हा पोराच्या ताटात हात घातला. पाहुण्यासमोर.

नबील हसला. "बाबा बहुत प्यार करता है."

"बहोत," मी म्हटलं.

मग त्याने दस्तरखानावरची लिंबांची वाटी पाहिली आणि टाळी वाजवली. कात्रणातली गोष्ट त्याला हाशिरनेच कधीतरी सांगितली असणार. "हज्जा! वो दिखाओ ना. निंबू मारो. यल्ला!"

शारीक पाण्याच्या ग्लासात बघायला लागला. शरफुन्निसाच्या हातातला डाव तसाच राहिला. बदरूने वाटी उचलली आणि आपल्या पाठीमागे ठेवली.

"आज नको. अम्माचा खांदा दुखतो."

माझा खांदा. पाच किलो पिठाची पिशवी मी सकाळी त्याच खांद्यावरून आणली होती.

मला तिथे बसल्याबसल्या दोन वाटा होत्या. उजवीकडून मारलं असतं तर त्याने झेललं असतं, नबीलने टाळ्या वाजवल्या असत्या, चहाबरोबर सही झाली असती. सगळे त्याच आशेने माझ्याकडे बघत होते. बदरूसुद्धा. तो मला विनवत होता. माझ्या पोटच्या पोराने उभ्या जन्मात माझ्याकडे काही मागितलं नव्हतं, आणि मागितलं ते हे.

मी उठले. मीठ आणते म्हणून स्वयंपाकघरात गेले, फळीवरचं लिंबू घेतलं आणि दारात उभी राहिले, जिथून तो नऊ वर्षांचा असल्यापासून मारत आले तिथून. हाशिरची डावी बाजू.

मारलं.

डोळ्याखालच्या हाडावर लागलं. पापणीसुद्धा लवली नाही आधी. लिंबू रश्शात पडलं, दस्तरखानावर शिंतोडे उडाले आणि त्यानंतर त्याचा हात वर आला. नबीलचं हसू अर्ध्यावर राहिलं. त्याने हळूच आपला हात हाशिरच्या डाव्या कानाजवळ नेला आणि दोन बोटं धरली.

"कितने?"

"खाना खा, नबील," हाशिर म्हणाला.

"गर्दन नहीं घुमाना. कितने, हाशिर?"

"तीन," हाशिर म्हणाला.

नबील थोर घरचा. समोरचा घास त्याने संपवला, हात धुतले, शरफुन्निसाला दुवा दिली. फाइल काखेत घेतली. दाराशी हाशिरशी अरबीत बोलला, ते शारीकने मला नंतर सांगितलं. रविवारी क्लबचा डॉक्टर डोळ्यात औषध घालून मशीनवर बघेल. त्याआधी तू स्वतः खरं सांगितलंस तर मी तुला जखमी खेळाडू म्हणून लिहीन, उपचार क्लबकडे. डॉक्टरच्या मशीनला सापडलं तर फसवणूक म्हणून लिहावं लागेल, मग माझ्या हातात काही नाही.

माझ्याकडे न बघता म्हणाला, "हज्जा, सलामत रहो," आणि गेला.

दार लागलं तसा बदरू माझ्यावर आला.

"झालं समाधान? घातलंस सगळ्यांना विमानात? फायनल एक्झिट म्हणजे काय कळतं तुला? ह्या पोरीचं बाळंतपण कुठे करशील, बाणकोटच्या जेटीवर?"

"बाणकोटच्या जेटीजवळच तुला जन्माला घातलंय मी. डोळे शाबूत होते तुझे."

"अम्मा, तुम्ही बोलू नका," शरफुन्निसा म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा. "सहा महिन्यांत बरं होणार होतं. औषध चालू आहे. तेवढे दिवस काढायचे होते, तुम्ही एका लिंबाने..."

"कोण म्हणालं बरं होणार होतं?"

"बहारीनचा डॉक्टर म्हणाला. हे म्हणाले."

शारीकने ग्लास खाली ठेवला. तो लहानपणापासून असाच, बोलायच्या आधी हातातली वस्तू ठेवतो.

"अम्मी, डॉक्टर असं म्हणाला नाही."

"शारीक," बदरू म्हणाला.

"मी नाही लपवणार आता, अब्बा. अक्षरांचा तक्ता मी पाठ करून घेतला त्याच्याकडून, माझ्या दुकानातला. उजवा डोळा झाकून डाव्याने धडाधड वाचल्यासारखं करायचं. सगळीकडे तोच तक्ता असतो. तेवढं पाप माझं. पण हे नाही."

आणि मग आमच्यासमोर ते सगळं आलं. जानेवारीत प्रॅक्टिसमध्ये गोलाजवळ गर्दी झाली आणि कुणाच्या तरी काठीचं टोक मास्कच्या जाळीतून आत गेलं. हाशिरने पाणी मारलं आणि खेळत राहिला. दुसऱ्या दिवसापासून डोळ्यात काजवे, मग काळे ठिपके, मग डावीकडून पडदा ओढल्यासारखं. इथल्या डॉक्टरकडे गेलं तर विम्याच्या कागदावरून क्लबला कळणार. सीझनमध्ये खेळाडूला देशाबाहेर जायचं तर मॅनेजरला कारण सांगावं लागतं. कारण काय सांगणार? घरात एकच कारण होतं ज्याच्यावर कुणी प्रश्न विचारत नाही. दादीचा शिक्का.

माझी तारीख मार्चमध्ये होती.

"सात आठवडे," शारीक म्हणाला. "डोळ्यातला पडदा सुटला होता, अम्मी. डॉक्टर म्हणाला, पहिल्या पंधरा दिवसांत आणलं असतं तर बसवला असता. आता ऑपरेशन केलं तरी सावल्या दिसतील, तेही नशीब असेल तर. खेळायचं तर नावच नको. दुसऱ्या डोळ्याला लागलं तर संपलं. अब्बांनी डॉक्टरच्या दारातूनच मला फोन केला. रडत होते. मग म्हणाले, सहीपर्यंत थांबू."

मला तो दिवस आठवला. बहारीनच्या एका मॉलमध्ये मला खुर्चीवर बसवून बापलेक चहा प्यायला म्हणून गेले ते दोन तास. मी शिव्या घालत बसले होते. परत आला तेव्हा हाशिरने काळा चष्मा घातला होता. मी म्हटलं होतं, हिरो झालास काय रे.

शरफुन्निसा नवऱ्याकडे वळली. आवाज चढवला नाही. "मला थेंब घालायला सांगितलेत. रोज घालत होते मी. कसले होते ते थेंब?"

"जळजळीचे," शारीकच म्हणाला.

ती खाली बसली, सांडलेल्या रश्शातच.

"पुरे झालं," हाशिर म्हणाला. आतापर्यंत तो भिंतीला टेकून उभा होता, गालावर लाल वण उठलेला. "माझा डोळा आहे. मला दिसत नाही, ऐकू येतं. काठीवरून सुटतानाच पक कुठे येणार ते मला कळतं. मला दुसरं काय येतं, दादी? सांग ना. नऊ वर्षांचा असल्यापासून माझ्या अंगावर वस्तू फेकतेस तू, दुसरं काय शिकलो मी? रविवारी ताप आला म्हणून कळवतो. दहा दिवस मिळतील. नबील विसरतो."

"बरोबर," बदरू लगेच म्हणाला. "ताप. माझ्या ओळखीचा एक कंपाउंडर आहे क्लिनिकमध्ये."

आणि मी पाहिलं की या घरात अजूनही तेच चाललंय. पोरगा एक डोळा घालवून बसलाय आणि बाप दुसऱ्यासाठी कागद शोधतोय.

"बदरू, तुझ्या मनात माझी कसली भीती होती रे?" मी विचारलं. "जानेवारीत का नाही बोललास? तारीख नसली तरी मी गेले असते पुलावर."

तो हसला. तसलं हसणं मी त्याच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं.

"गेली असतीस? बाराव्या दिवशी मी तुझ्या खोलीत आलो होतो. म्हटलं, अम्मा, ह्या वेळी लवकर जाऊन येऊ बहारीनला. काय म्हणालीस आठवतं? शिक्का मुदतीला मारतात, म्हणालीस. तुला काम नाही म्हणून मला कशाला फिरवतोस, म्हणालीस. बिनकामाच्या माणसाला पेट्रोल बरं परवडतं, म्हणालीस. शरफू पण होती तिथे. हसली होती."

शरफुन्निसाने मान वर केली नाही. म्हणजे खरं होतं. आणि मलाही आठवलं. मी वाटाणे सोलत होते. तो दारात उभा राहिला होता, मग बराच वेळ उभा राहिला, मग गेला.

खाली रस्त्यावर कुणाच्या गाडीचा हॉर्न वाजत राहिला. सगळ्यांना वाटलं आता म्हातारी बसेल, पदर तोंडाला लावेल. मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण मी बसले असते तर रविवारचा ताप आला असता.

"म्हटलं होतं मी," मी म्हणाले. "माझ्या जिभेने बारा दिवसांचे सात आठवडे केले. ते माझ्या नावावर. अल्लाहसमोर मी सांगेन, तुला सांगायला नको. हाशिर, इकडे ये."

आला नाही.

"नको येऊस. तिथूनच ऐक. दुसरं काय येतं म्हणून विचारलंस. मला माहीत नाही. तुझ्या बापालाही माहीत नाही. पण तुझ्या बायकोच्या पोटात जे आहे ते उद्या अंगणात धावेल, तेव्हा ते कुठे गेलं हे तुला एका डोळ्याने तरी दिसलं पाहिजे. उझमा, नबीलचा नंबर आहे तुझ्याकडे?"

"आहे," उझमा म्हणाली. ती केव्हाच उभी होती, फोन हातात घेऊन.

"लाव."

"अम्मा!" बदरू पुढे झाला. "मी ठरवेन काय करायचं ते. बाप मी आहे त्याचा."

शारीक मध्ये उभा राहिला. आणि शरफुन्निसा उठली, ओल्या कपड्यांनी, आणि येऊन उझमाच्या बाजूला थांबली. चाळीस वर्षांच्या संसारात ती बदरूच्या समोर उभी राहिलेली मी पाहिली नव्हती.

उझमाने फोन कानाला लावला. पलीकडे घंटा वाजत होती, ती आम्हा सगळ्यांना ऐकू येत होती. हाशिर भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलायला लागले. त्याच्याकडे जावं असं मला वाटलं, पण आधी माझ्या मुलाशी बोलायचं होतं.

बदरू माझ्यासमोर उभा होता. साठीला आलेला माणूस, हाताला माशाचा वास.

"बदरुद्दीन," मी म्हणाले, "तू वाईट नाहीस. वाईट असतास तर दोन थोबाडीत देऊन मी मोकळी झाले असते. तू भ्यालेला आहेस. तुला नोकरीतून काढल्या दिवसापासून भ्यालेला आहेस, आणि मी तुला आणखी भिववत गेले. पण भ्यालेल्या बापाने पोराचा एक डोळा दिला, आणि आत्ता, माझ्यासमोर, दुसरा द्यायला निघाला. म्हणून या घरात कुणी राहायचं, कुणी जायचं, कुणाला कोणत्या डॉक्टरकडे न्यायचं, हे आजपासून तू ठरवणार नाहीस. कपाटातली ती पासपोर्टची पिशवी काढ, उझमाच्या हातात दे. आणि मग जा, पोराजवळ जाऊन उभा राहा. त्याच्या डाव्या बाजूला. तिथे आता कायमचं कुणीतरी लागणार आहे, आणि ते काम मी तुला देते."